गालफडातली जागल

पुडी

कातरलेली सुपारी, तंबाखू, ओला चुना. पानठेल्यावर हे तिन्ही पन्नीत टाकून घोटतात आणि गिऱ्हाइकाच्या हाती खर्ऱ्याची पुडी देतात. अमरावतीचा राजकमल चौक असो, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असो की अकोल्याचा टॉवर चौक. चव थोडी बदलते, जिन्नस तेच. खर्रा चावून गिळून टाकायची चीज नाही. तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवतात, तासन्‌तास. खाली ज्या प्रथिनांविषयी लिहिलंय, त्यांची गाठ खर्ऱ्याशी याच दोन बोटांच्या जागेत पडते.

वाढ

कॅन्सर म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, हे आपण शाळेपासून ऐकतो. खरं आहे, पण अर्धंच. पेशींची वाढ ही शरीराची रोजची कामगिरी आहे. प्रौढ माणसाच्या अंगात दिवसाला सुमारे ३३० अब्ज पेशी जुन्या जातात आणि नव्या येतात. गालाच्या आतलं अस्तर तर सारखं झडतं, सारखं भरून येतं. एवढ्या उलाढालीत सहसा काही बिघडत नाही, याचं नवल वाटायला हवं. बिघडत नाही, कारण थांबवणारी प्रथिनं प्रत्येक पेशीत हजर असतात. ती गेली की कॅन्सरची वाट मोकळी होते.

कांद्याचं मूळ

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाचं टोक कापायचं, ॲसिटोकार्मिननं रंगवायचं, काचपट्टीवर दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली विभाजनाच्या अवस्था शोधायच्या. मुलं रंगसूत्रं ओढली जाताना दिसतात तिथं हरखतात, त्याच पेशीचं चित्र वहीत काढतात. आजूबाजूच्या बहुसंख्य पेशी त्या क्षणी विभागत नसतात. त्यांचं चित्र कोणी काढत नाही. खरं तर कॅन्सरचा धडा तिथूनच सुरू व्हावा: पेशी थांबते कशी?

सायक्लिन

१९८२ साली टिम हंट हे इंग्रज शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या वुड्स होल इथं समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होते. अंडं विभागायला लागलं की एक प्रथिन वाढत जाई आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं होई. पुन्हा वाढे, पुन्हा नाहीसं. त्याचं नाव सायक्लिन. पुढं कळलं की यीस्टपासून माणसापर्यंत विभाजनाची फेरी याच कुळातली प्रथिनं चालवतात. २००१ चं नोबेल हंट, लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांना मिळालं. माणसात सायक्लिनचे प्रकार बरेच. त्यातला ‘डी१’ लक्षात ठेवावा. पेशीला नव्या फेरीत ढकलतो तो हाच, आणि पुढं पुण्यात व नवी मुंबईत तो पुन्हा भेटणार आहे.

पी५३

१९७९ साली एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांना हे प्रथिन सापडलं. कॅन्सरच्या पेशींत ते ढिगानं दिसे, म्हणून पुढली दहा वर्षं तेच गुन्हेगार ठरलं. १९८९ मध्ये उलगडा झाला. त्या पेशींत दिसत होतं ते बिघडलेलं पी५३. धड पी५३ गाठीची वाढ रोखतं. दहा वर्षं ज्याला चोर म्हटलं, तोच राखणदार निघाला.

आपल्याकडे पीक हाताशी आलं की रात्री जागलीला जातात. जागल्या काही पेरत नाही, कापत नाही. रानडुक्कर आलं की हाळी देतो. पी५३ चं काम याच जातीचं. डीएनए तुटला की ते पी२१ या दुसऱ्या प्रथिनाकरवी फेरी थांबवतं. दुरुस्ती झाली तर पेशीला पुढं जाऊ देतं. नुकसान हाताबाहेरचं असेल तर पेशीला मरायला लावतं.

त्याची घडण

३९३ अमिनो आम्लांची साखळी, जनुक सतराव्या रंगसूत्रावर. एरवी पेशीत ते फार टिकत नाही. एमडीएम२ नावाचं प्रथिन त्याला पकडून मोडीत काढतं, वीसेक मिनिटांत निम्मं संपतं. डीएनएला इजा झाली की ही मोड थांबते आणि पी५३ साठतं.

ते एकेकटं काम करत नाही, चौघांचा संच करतं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर चौघांत एखादा नासका येतो आणि पुष्कळदा सगळा संच निकामी होतो. म्हणजे दुसरी प्रत जाण्याआधीच राखण ढिली पडलेली असते. माणसाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये हा जनुक बिघडलेला सापडतो.

महामार्ग

अमरावती–अकोला रस्ता पूर्वी सहा नंबरचा होता. आता राष्ट्रीय महामार्ग ५३. निव्वळ योगायोग, पण पोरांना प्रथिनाचा आकडा पाठ करवायला बरा पडतो.

पुण्याचं प्रथिन

पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवण्याचं कामही तिथं चालतं. समित चट्टोपाध्याय यांनी अमेरिकेत असताना उंदराच्या टी-पेशींवरच्या कामातून ‘स्मार-१’ हे प्रथिन ओळखलं. २००० साली ते छापून आलं. पुण्यात त्यांच्या गटानं त्याचा पुढं पाठपुरावा केला. माणसात त्याचा जनुक सोळाव्या रंगसूत्राच्या टोकाशी आहे, आणि स्तनांच्या कॅन्सरमध्ये नेमका तोच भाग वारंवार गहाळ झालेला आढळतो.

२००३ मध्ये या गटानं दाखवलं की स्मार-१ पी५३ ला जाऊन भिडतं, त्याला कामाला लावतं, आणि उंदरांमधली गाठ उशिरा वाढते. २००५ मध्ये दुसरी बाजू पुढं आली. सायक्लिन डी१ चा जनुक जिथून वाचला जातो तिथं स्मार-१ बसतं, सोबत डीएनएची गुंडाळी घट्ट करणारी प्रथिनं आणतं आणि तो जनुक गप्प करतं. एकच प्रथिन राखणदाराला बळ देतं आणि फेरी सुरू करणाऱ्याला आवरतं.

२०१० चं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पेशीला थांबवायचं की मारायचं, हे पी५३ कसं ठरवतं? इजा थोडी असेल तर स्मार-१ मरणाच्या दोन जनुकांना, बॅक्स आणि प्यूमा यांना, दाबून धरतं. पेशीला दुरुस्तीची सवड मिळते. इजा भारी असेल तर स्मार-१ केंद्रकातल्या वेगळ्या ठिपक्यांत अडकून पडतं, त्या जनुकांवरचा दाब निघतो आणि पेशी मरते. एवढा बारीक निवाडा आपल्या अंगात रोज होत असावा.

हे सगळं पेशींमध्ये आणि उंदरांमध्ये दिसलं. त्यातून गोळी निघायला पुष्कळ अवकाश असतो. वर्तमानपत्रात ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ असा मथळा दिसला की आधी पाहावं, उंदरावर की माणसावर?

गालाचा पत्ता

२०१३ मध्ये भारतातल्या तोंडाच्या कॅन्सरचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. नवी मुंबईतल्या खारघरची टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आणि बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था यांचं हे काम. त्यांनी निवडली ती गाल-हिरडीचीच जागा, कारण आपल्याकडे तंबाखू तिथं धरतात. ११० रुग्णांच्या गाठी तपासल्या. पी५३ चा जनुक बिघडलेल्यांच्या यादीत ठळकपणे होताच. शिवाय अकराव्या रंगसूत्राचा एक तुकडा या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा जादा प्रतींत सापडतो, आणि त्या तुकड्यावर सायक्लिन डी१ चा जनुक असतो. राखण गेलेली आणि ढकलणारा दुप्पट-तिप्पट: गालफडातल्या कॅन्सरची ही नेहमीची मांडणी.

सुपारी

“सर, तंबाखू सोडली. आता नुसती सुपारी.” हे वाक्य वऱ्हाडात पावलोपावली ऐकू येतं. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारी एकटीच, तंबाखूशिवायही, कॅन्सरकारक ठरवली. तिच्यातलं अरेकोलिन गालातल्या पेशींना जादा कोलॅजन करायला लावतं. तिच्यातलं तांबं त्या कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट गुंतवणाऱ्या एन्झाइमला जोर देतं. चुन्यामुळं ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सुटतात, तेच डीएनएला दुखावतात. गाल चामड्यासारखा होतो, तिखट सोसवत नाही, तोंड उघडेनासं होतं.

मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली भारतात या विकाराची पहिली नोंद केली. त्याआधी वर्षभर श्वार्ट्झ यांनी तो पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांत पाहिला होता. माणूस समुद्रापार गेला, सुपारी बरोबर गेली.

बिडी

बिडी-सिगारेटच्या धुरातलं बेंझोपायरीन डीएनएला नेमकं कुठं चिकटतं, हे १९९६ मध्ये तपासलं गेलं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पी५३ च्या जनुकाच्या ज्या जागा बिघडलेल्या सापडतात, नेमक्या त्याच जागांवर. धूर आणि कॅन्सर यांचा संबंध तोवर लोकसंख्येच्या आकड्यांत होता. आता तो रेणूच्या पातळीवर बोट ठेवून दाखवता आला.

“काऊन नाई झाला?”

“माह्या बापानं जिंदगीभर खाल्ला सर, नव्वदीत गेला. त्याले काऊन नाई झाला?”

प्रश्न रास्त आहे, टाळू नये. कॅन्सर व्हायला एका पेशीत अनेक जनुक एकापाठोपाठ बिघडावे लागतात. प्रत्येक पुडीत कुठल्या पेशीचा कुठला जनुक दुखावेल, हे नशिबावर. वडिलांच्या बाबतीत तो मेळ बसला नाही. पण पुडी वाढली की संधी वाढते, आणि पंधराव्या वर्षी सुरू केलेल्या पोराला ती चाळिशीपर्यंत भरपूर मिळते. वडील वाचले, यावरून मुलगा वाचेल असं सिद्ध होत नाही.

कोलकासचे हत्ती

मेळघाटात कोलकासला वनखात्याचे पाळीव हत्ती आहेत. हत्तीत माणसाहून कितीतरी जास्त पेशी, आयुष्यही लांब. हिशेबानं त्याला कॅन्सर जास्त व्हायला हवा. होतो कमी. २०१५ मध्ये एक कारण पुढं आलं. माणसात पी५३ च्या जनुकाच्या दोन प्रती, हत्तीत सुमारे चाळीस. आईकडून वीस, बापाकडून वीस. हत्तीची पेशी डीएनए बिघडताच पटकन मरण पत्करते. आपल्याकडे दोनच प्रती. त्या जपून वापरण्याचं शहाणपण तरी असावं.

सदाफुली आणि कळलावी

सदाफुली वऱ्हाडात अंगणोअंगणी. १९५८ साली कॅनडातले नोबल आणि बीअर तिच्यात मधुमेहाचा उपाय धुंडाळत होते. सापडलं ते कॅन्सरचं औषध, विनब्लास्टिन. तिच्यापासूनच व्हिन्क्रिस्टीन निघालं, मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही वापरतात. मेळघाटात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन असतं. ते विषारी आहे, पण प्रयोगशाळेत पेशी विभाजनाच्या मध्यावर अडवून रंगसूत्रं मोजायला त्याचाच आधार. माणसाची रंगसूत्रं ४६ हे १९५६ मध्ये कळलं, ते त्याच्या मदतीनं.

ही रसायनं विभाजन बाहेरून अडवतात. चांगली पेशी कोणती आणि बिघडलेली कोणती, हे त्यांना कळत नाही. केस गळतात, तोंड येतं ते म्हणून. आणि अंगणातली पानं चघळून हे औषध होत नाही. कोणी सांगितलं तरी करू नये.

परळ ते बाल्टिमोर

डॉ. वसंत रामजी खानोलकर टाटा रुग्णालयात विकृतिशास्त्राचे प्रमुख होते. कुठल्या समाजात कुठल्या अवयवाचा कॅन्सर जास्त, हे त्यांनी १९४० च्या दशकात नोंदवलं आणि लोकांच्या सवयींशी ताडून पाहिलं. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी पेशीविज्ञानात डॉक्टरेट केली, मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. प्रसिद्ध ‘हेला’ पेशी याच प्रयोगशाळेतल्या. परत येऊन रणदिव्यांनी परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातल्या पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक.

हेला पेशींत पी५३ चा जनुक धड आहे, तरी प्रथिन टिकत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण असलेला एचपीव्ही विषाणू ‘ई६’ नावाचं प्रथिन करतो, आणि ते पी५३ ला मोडीत काढतं. म्हणजे राखणदार दोन तऱ्हांनी जातो. खर्ऱ्यानं त्याचा जनुक बिघडतो. विषाणू प्रथिनच संपवतो.

उस्मानाबाद

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या लोकांनी गावोगाव फिरून केला. टाटा आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सोबत होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ मृत्यू, चाचणी न झालेल्या गटात ६४. खेड्यातली एक चाचणी जवळपास निम्मे मृत्यू टाळू शकते, हे जगानं मराठवाड्याकडून शिकलं. पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हाव्हॅक’ लस २०२२ मध्ये मंजूर झाली. मुलींना ती वेळेवर द्यावी.

औषधांची गोष्ट

सायक्लिन डी१ ज्या जोडीदारांबरोबर काम करतं, त्यांना अडवणारं पाल्बोसिक्लिब २०१५ मध्ये अमेरिकेत स्तनांच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. २०२३ च्या सुरुवातीला भारतातलं त्याचं पेटंट संपलं आणि इथल्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. ढकलणाऱ्याला आवरणं जमलं.

गेलेलं पी५३ परत आणणं मात्र अवघड. चीननं २००३ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी धड पी५३ चा जनुक विषाणूमार्फत गाठीत सोडण्याचं इंजेक्शन मंजूर केलं, पण बाकी जगात ते रुजलं नाही.

नागपूर, दादर

यावलीचे तुकडोजी महाराज गावोगाव खंजिरीवर व्यसनांविरुद्ध बोलले. १९६८ च्या ११ ऑक्टोबरला त्यांना नेलं ते कॅन्सरनंच. नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. टाटामध्ये उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथं उतरतात. अमरावतीहून रात्री सुटणाऱ्या मुंबईच्या गाडीत फाइली छातीशी धरलेली माणसं दिसतात. वऱ्हाडच्या दोन संतांची नावं कॅन्सरच्या रुग्णांशी जोडली जावीत, यात आपला गौरव आणि नाचक्की दोन्ही आहेत.

जुलै २०१२

एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. राज्यानं गुटख्यावर बंदी घातली. आणि आज महात्मा फुले यांच्या नावानं चालणारी आरोग्य योजना, तेव्हाची राजीव गांधी जीवनदायी, पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात अमरावती होतं. उपचाराचा खर्च सरकारनं उचलला, हे चांगलंच. बंदीचं काय झालं ते पानठेल्यावर दिसतं. पुढं सुगंधित तंबाखू आणि सुपारीही बंदीत आली, तरी पन्नीतलं घोटणं थांबलं नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू वापरत होते, ओढणारे ३.८ टक्केच. आपला प्रश्न धुराचा कमी, गालाचा जास्त.

लवकर म्हणजे किती फरक

तेव्हा टाटात असलेले डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवरचा निष्कर्ष मांडला. मानेत गाठ लागत नसली तरी पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या ग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात. वाट पाहिली तर ६७.५ टक्के. हे दोन्ही आकडे लवकर आलेल्यांचे. उशिरा येणाऱ्याला यातला कुठलाच मिळत नाही.

शेवटचं

पी५३ चा जनुक रातोरात जात नाही. गालात पांढरा चट्टा, लाल चट्टा, मग न भरणारी जखम, यात वर्षं जातात. स्वादुपिंडात हे घडलं तर कोणाला दिसत नाही. गालात घडतं ते आरशात दिसतं. निसर्गानं वऱ्हाडच्या माणसाला दिलेली ही सवलत आपण वापरत नाही.

तेव्हा, वाचणाऱ्यानं आज एवढं करावं. घरात कोणी खर्रा, तंबाखू किंवा नुसती सुपारी खात असेल, तर त्याला उजेडात बसवा. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का ते त्याला पाहू द्या. गाल ओढून आत बघा, जीभ वर करून खाली बघा. चट्टा दिसला, तीन बोटं गेली नाहीत, किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर मेडिकलवरून मलम आणू नका. दंतवैद्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जा. आणि पुडी त्याच दिवशी बंद.